डिस्क लावण्याआधी ड्रम उघडा

जुन्या हॅचबॅकला अलॉय व्हील बसवली की पुढची हौस ठरलेली असते. अलॉयच्या फटींतून मागचा गंजका ड्रम दिसायला लागतो आणि डोळ्यांना खुपतो. मग नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वरच्या मॉडेलचा मागचा सेट शोधायचा, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर घ्यायची आणि व्हिडिओ बघत बघत डिस्क चढवायची. कॅलिपरला लाल रंग आधी लागतो. ब्रेकचा हिशेब बहुतेक वेळा होतच नाही.

या प्रकाराचा मला राग येतो, कारण त्याच गाडीत मागच्या सीटवर आईवडील बसणार असतात.

हिशेब असा आहे. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. छोट्या गाडीत इंजिनही पुढेच. थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम त्यामुळे पुढचे ब्रेक करतात, आणि तिथे डिस्क आधीपासूनच आहे. ड्रम नीट असेल तर मागे डिस्क लावून एका झटक्यात थांबण्याचं अंतर फारसं घटत नाही. ते टायर आणि रस्ता ठरवतात. बिघडायला मात्र भरपूर वाव आहे. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ घसरते. मागची आधी लॉक झाली तर ती गर्रकन फिरते. पावसाळ्यात वरंधा घाटाच्या वळणावर असं झालं तर सावरायला जागा नाही.

हे टाळायला कंपनी मागच्या लाइनवर प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह देते; एबीएसवाल्या गाडीत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. दोन्हींचं गणित ड्रम धरून मांडलेलं असतं. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन ड्रमवर आणखी दाबला जातो आणि ब्रेकचा जोर वाढवतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. तेवढ्याच प्रेशरवर ती कमी धरते. मग कुणीतरी सांगतं, ‘व्हॉल्व्हच काढून टाक.’ मागची चाकं आधी लॉक होण्याचा खरा धोका तिथून सुरू होतो. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं. आणि हँडब्रेक? मागच्या ड्रममध्ये तो आयताच असतो. स्वस्तात मिळालेल्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची सोय नसेल तर चढावर उभी केलेली गाडी फक्त गिअरच्या भरवशावर राहते.

डिस्क वाईट नाही. ती लवकर थंड होते, पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडी होते. कारखान्यातून अख्खी यंत्रणा तिच्यासाठी जुळवून आली असेल तर उत्तमच. पण ड्रम म्हणजे मागासलेपणा, ही समजूत काढून टाका. फोक्सवॅगनने आयडी.४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच दिले. मोटरच बराचसा वेग उतरवते, मागचे ब्रेक कमी वापरले जातात, आणि बंद ड्रम उघड्या डिस्कसारखा गंजत नाही.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर ते लाल कॅलिपर नक्की बघेल.

मागचा ब्रेक कमी लागतो, ही तक्रार मात्र अनेकदा खरी असते. तिचं कारण ड्रम उघडला की दिसतं. काळी भुकटी साचलेली, शूचं लायनर रिव्हेटपर्यंत झिजलेलं, व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओल. टोपी उचलली की ऑइल गळतं. आपोआप शू जवळ आणणारा ॲडजस्टर जाम, म्हणून हँडब्रेक वरपर्यंत ओढावा लागतो. टाकीतलं ऑइल चहासारखं काळपट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, हे किती जण पाळतात?

डिस्कसाठी बाजूला काढलेले पैसे इथे लावा. नवे शू, नवे व्हील सिलिंडर, ड्रम फार झिजला असेल तर तोही नवा. ऑइल पूर्ण बदलून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून घ्या, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर. हे काम ओळखीच्या मेकॅनिककडे, समोर उभं राहून करून घ्या. भुकटी हवेने उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. घरीच हात घालायचा असेल तर नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड लावा.