टाकीएवढाच वाढतो

इंदिरापुरमच्या आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या काकांचं आडनाव गेटवरच्या गार्डलाही ठाऊक नाही. पार्सल आलं की तो इंटरकॉमवर 'मछलीवाले अंकल का है' एवढंच म्हणतो आणि ते बिनचूक घरी पोचतं. काका मूळचे नारायण पेठेतले. उभी हयात केंद्र सरकारात लोकांचे हिशेब तपासण्यात गेली. घरात अंडं शिजत नाही, चातुर्मासात कांदाही बंद. आणि याच घराच्या बाल्कनीत एक डीप फ्रीझर आहे, त्यात गाजीपूरच्या मंडीतून आणलेली कोळंबी असते. काकू त्या फ्रीझरला हात लावत नाहीत. शेजारी वाळत घातलेल्या कुरडयासुद्धा त्यांनी बेडरूममध्ये हलवल्या.

काकांच्या पेन्सिलीला अख्खं खातं टरकून असे. सहा खुर्च्यांच्या बिलावर 'बसणारे पाच, सहावी कोणासाठी?' असा शेरा मारून त्यांनी एक फाइल दोन वर्षं अडवली होती म्हणे. अशा माणसाने जामा मशिदीजवळच्या एका दुकानात बोटभर लांबीचा, अंगापेक्षा मोठ्या मिशा असलेला एक मासा पाहिला आणि विचारलं, 'मोठा किती होतो?' दुकानदार म्हणाला, 'अंकलजी, जितना टैंक, उतनी मछली.' कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. काकांनी तोंडी हमीवर मासा घेतला. त्याचं नाव बंडू ठेवलं.

बंडू म्हणजे रेडटेल कॅटफिश. वरून काळपट, पोट पांढरं, शेपूट लालभडक. मूळ गाव अॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांची खोरी. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात. पूर्ण वाढला तर लांबी चार फुटांवर आणि वजन चाळीस किलोच्या पुढे. टाकी लहान आहे म्हणून मासा काही मनाला आवर घालत नाही. साचल्या घाणीत त्याची वाढ खुंटते, पाठ वाकते, तो अकाली मरतो, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, 'देखा, नहीं बढ़ा!' काकांचा गुन्हा एवढाच की त्यांनी पाणी स्वच्छ ठेवलं.

पहिली टाकी दोन फुटी. तीत सोबतीला घातलेले टेट्रा एका आठवड्यात दिसेनासे झाले. काकांनी आधी फिल्टर उघडून पाहिला, मग मोलकरणीवर संशय घेतला. बंडूचं पोट शेवटी तपासलं. मग चार फुटी टाकी आली, दिवाण गेला. वर्षाच्या आत बंडू दीड फुटांचा झाला. मग सात बाय तीन बाय अडीच फूट अशी खास घडवून घेतलेली टाकी आली आणि जेवणाचं टेबल गेलं. दर खेपेला काका कागदावर 'सुधारित अंदाज' असं लिहून काकूंपुढे ठेवत, आणि दर खेपेला शेवटची ओळ 'यापुढे खर्च संभवत नाही' अशी असे. काकू आता ताट मांडीवर घेऊन जेवतात आणि बंडू काचेला मिशा टेकवून त्यांच्या ताटाकडे बघतो.

त्याचं जेवण एकदा पाहावं. मोठा झालेला मासा रोज खात नाही. सोमवार आणि शुक्रवार असे वार ठरलेले आहेत. काका लाकडी चिमट्यात बासाचा तुकडा धरून पाण्यात सोडतात. बंडू हलत नाही. मग एकदम त्याच्या डोक्याएवढंच तोंड उघडतं, 'भक्' असा आवाज होतो, आणि तुकडा, पाणी, क्वचित चिमट्याचं टोक, सगळं आत. दात लावणं वगैरे नाही. मिटल्यावर चेहरा पुन्हा सरकारी. एकदा त्याने थर्मामीटर गिळला होता. काका रात्रभर टाकीपाशी स्टुलावर बसले. पहाटे बंडूने तो वाळूवर परत टाकला, अखंड, २७ अंश दाखवणारा. काकांनी तो धुऊन पुन्हा लावला.

बासा ही आणखी एक गंमत. हॉटेलात त्या नावाने मिळणारा मासा बहुतेक वेळा पंगास असतो. म्हणजे मिशाळ माशांतलाच, बंडूच्या लांबच्या नात्यातला. मेकाँग नदीतला हाच पंगास पिल्लू असताना आपल्याकडच्या दुकानांत 'शार्क' म्हणून विकला जातो आणि तोही तीन-चार फूट होतो. दिल्लीतल्या लग्नांत काका फिश टिक्क्याच्या काउंटरपाशी उभे राहून प्लेट धरलेल्या अनोळखी माणसाला हे समजावून सांगतात. त्यांना लग्नाची बोलावणी अलीकडे कमी येतात.

काकांसारखे लोक एनसीआरमध्ये बरेच आहेत. रोहिणीत कोणाच्या तळघरात, गुडगावात कोणाच्या कोठीच्या गच्चीवर. ते मासे किती हे विचारत नाहीत, 'कितने फुट का?' विचारतात. गाडीची लांबी, लग्नातले पदार्थ आणि मुलाचं पॅकेज याच मापाने बोलणाऱ्या शहरात हे साजेसंच आहे. पण काकांना मिरवायचं नसतं. कोणी फोटो काढू लागलं तर ते फ्लॅश बंद करायला लावतात आणि बंडूची माफी मागतात.

टाकीत सुमारे दीड हजार लिटर पाणी. म्हणजे दीड टन. काच आणि लोखंडी स्टँड वेगळं. घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने बांधतात. इथे साडेसातशेच्या वर जातं. सहाव्या मजल्यावरच्या सरदारजींनी हे कुठूनसं काढलं आणि आरडब्ल्यूएच्या सभेत उभे राहून विचारलं, 'अंकलजी, ये नीचे आएगी तो पहले किसके घर आएगी?' काकांनी बीमचा नकाशा पसरला, भार कुठून कुठे जातो ते दाखवलं, इंजिनिअरचा दाखला वाचला. सरदारजी निरुत्तर झाले. त्यांनी पलंग मात्र दुसऱ्या खोलीत नेला.

खरी कसोटी दसऱ्याला. आमच्या भागात प्रताप विहारच्या प्रकल्पातून गंगेचं पाणी येतं, आणि गाळ काढायला वरचा गंगा कालवा दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद करतात. सोसायटी टँकरवर येते, लोक अंघोळी आटोपत्या घेतात, आणि काकांना दर आठवड्याला टाकीतलं चारशे लिटर पाणी बदलायचं असतं. तेव्हा त्यांना बाल्कन्यांतून शिव्या पडतात. त्यांच्या बाजूने एकटा माळी असतो, कारण माशाच्या पाण्यावर त्याचे गुलाब फोफावतात. दोघे मिळून पाइप खाली सोडतात, चोरासारखे, रात्री अकराला.

एकदा मी म्हटलं, 'काका, देऊन टाका कोणाला तरी.' ते म्हणाले, 'कोणाला? तो दुकानदार आता ओळख देत नाही.' नदीत सोडण्याच्या सूचनेवर मात्र ते भडकतात. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेतला सकरमाउथ सापडला होता, दुकानांत 'टँक साफ करणारा' म्हणून मिळतो तो. कोणीतरी असाच टाकीतून सोडला असणार, असं त्यांचं ठाम मत. मग मला मनूची गोष्ट ऐकवतात. ओंजळीत आलेला मासा, मग घागरीत, मग विहिरीत, मग गंगेत, शेवटी समुद्रात. 'मनूला गंगेपर्यंत चालत जावं लागलं. माझ्याकडे गंगा सातव्या मजल्यावर येते.' आतून काकू म्हणाल्या, 'मनूला निदान नाव ओढायला तरी त्या माशाचा उपयोग झाला.'

मला विचाराल तर सात फुटी टाकीही बंडूला अपुरीच. तो वळतो तेव्हा शेपूट मागच्या काचेला घासते आणि काका तेवढ्यापुरते दुसरीकडे पाहतात. मे महिन्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी त्याचा हवेचा पंप चालतो, पंखा नंतर. जानेवारीत त्याचं पाणी २६ अंशांना आणि गीझर बंद, कारण दोन्ही एकदम लावले की फ्यूज उडतो.

काका या मार्चला निवृत्त झाले. पुण्याला परतायचं कधीचं ठरलेलं आहे. पण असा मासा सहज पंधरा वर्षं जगतो, आणि त्याला इथे ठेवून जायचं नाही. नेण्याचा बेत पक्का आहे: दोन दिवस उपाशी ठेवायचं, जाड पिशवीत ऑक्सिजन भरायचा, गाडीत एसी लावायचा. उपासाचं ऐकून काकू प्रथमच बंडूविषयी बरं बोलल्या.

परवा कोथरूडच्या एजंटचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकांनी भाव विचारला नाही, बेडरूम किती तेही नाही. तळमजला आहे का, बोअरच्या पाण्याचा टीडीएस किती, थ्री फेज मिळेल का, दाराची रुंदी किती. पलीकडचा बिचकून म्हणाला, 'काका, कारखाना टाकायचाय का?' काकूंनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, 'अहो, ते सगळं असू द्या. जेवायचं टेबल मावेल का, तेवढं सांगा.'