डब्ब्याचा कैवारी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन जिल्हे आहेत, एक घाटावरचा आणि एक घाटाखालचा. सरकारदरबारी तो एकच, तेरा तालुक्यांचा. पण मे महिन्यात सरकारचं कोण ऐकतं? वर अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाण्याचा माणूस पहाटे अंगावर चादर ओढतो, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदचा माणूस त्याच पहाटे गच्चीवर कूस बदलत पडलेला असतो. आमचे भाऊ घाटाखालचे. नेमक्या कोणत्या गावचे, ते सांगत नाही, कारण घाटाखालच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात ते आहेत. तहसीलच्या गेटासमोर पत्र्याचं छप्पर, आत झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला पांढरा पडदा, बाहेर 'आपले सरकार सेवा केंद्र'ची पाटी, आणि टेबलामागे गळ्यात ओला दुपट्टा घेतलेले भाऊ.

भाऊंना तीन चिंता आहेत. मुलीचं लग्न, कापसाचा भाव आणि डब्ब्याचं तापमान. पहिल्या दोन हंगामी आहेत.

डब्बा म्हणजे कॉम्प्युटरचा सीपीयू. त्यावर भाऊंचा एवढा जीव की घरातल्या एखाद्या पोराचा एवढा लाड झाला असता, तर ते पोरगं वाया गेलं असतं. "मानसाले ऊन लागलं तर कैरीचं पन्हं हाय, कांदा हाय, दवाखाना हाय," भाऊ म्हणतात, "याले कोन हाय? मीच ना!" तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी मशीनवर टाकून घेतलंय. सकाळी पेपर आला की आधी अकोल्याचं कमाल तापमान पाहायचं, मग पडद्यावरचं आपलं, आणि रांगेतल्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायचं, "आज अकोला ४४, आपली मशीन ८१!" रांगेत हळहळ पसरते. एखादा म्हातारा शेतकरी घोंगडीवाल्या बैठकीवरून आपुलकीनं विचारतो, "भाऊ, ताप उतरला की उत्पन्नाचा दाखला भेटंल काय?"

आता हा ताप उतरवायला भाऊंनी काय काय केलंय, ते पाहा.

पहिला उपाय कूलर. लोखंडी, पुरुषभर उंचीचा, खिडकीत बसवलेला. वऱ्हाडात कूलरबद्दल कोणाला शिकवायची गरज नाही. इथली हवा कोरडी, त्यामुळे ताट्यांवरून झिरपणारं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण कूलरची एक अट असते. एका बाजूनं हवा आत आली की दुसरीकडून तिला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट कोंडी होते. भाऊंना ही अट मान्य नाही. पैसे खर्चून केलेली थंडी रस्त्यावर कशाला सोडायची? म्हणून त्यांनी समोरची खिडकी पुठ्ठ्यानं बंद केली, दाराला जाड पडदा लावला, फटींत कापड कोंबलं. दुपारी तीन वाजता दुकानातली हवा अशी होते की दाखल्याचा कागद प्रिंटरमधून निघतानाच मऊ पडलेला असतो.

त्यात हा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचं पाणी ओढून कूलरमध्ये टाकलं की पंधरवड्यात ताट्यांवर पांढरा थर चढतो, जाळी गंजते, आणि बारीक तुषारांबरोबर तोच खार उडून समोरच्या वस्तूवर बसतो. समोर कोण? डब्बा! हे लक्षात आलं त्या दिवशी भाऊंनी निर्णय घेतला की यापुढे कूलरला पिण्याचं गोडं पाणी. निर्णय शास्त्रशुद्ध होता, पण घरात तो टिकला नाही. वहिनी हातात रिकामा हंडा घेऊन थेट दुकानात आल्या आणि सगळ्या रांगेसमोर म्हणाल्या, "मानसानं खारं प्यावं अन् डब्ब्यानं गोडं? अवो, त्याले तहान लागते काय?" रांगेतल्या बायांनी एकमुखानं वहिनींची बाजू घेतली. त्या दिवसापासून कूलर पुन्हा खाऱ्या पाण्यावर आहे. भाऊ फक्त संध्याकाळी स्वतःच्या वाट्याचा एक तांब्या गोडं पाणी घेऊन समोरच्या ताटीवर शिंपडतात.

दुसरा उपाय वस्तीबदल. "इंग्रज काय येडे होते?" भाऊ विचारतात. "मलकापूर सोडून, खामगाव सोडून त्याहीनं जिल्ह्याचं ठानं बुलढान्याले नेलं. काहून? वर थंड राह्यते म्हनून!" तेव्हा एप्रिल ते जून मशीन राजूर घाट चढवून बुलढाण्याच्या साडूकडे ठेवावी आणि इथून फोनवर काम चालवावं, असा त्यांचा प्रस्ताव होता. साडूनं विचारलं, की मशीनऐवजी तुम्हीच दोन महिने राहायला या ना. भाऊंना ते पटलं नाही. मशीन एकटी खाली कशी राहील?

तिसरा उपाय दैवी. अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. जळगाव जामोद तालुक्यातलंच गाव, भाऊ न चुकता जातात. घटाभोवती अठरा धान्यं मांडलेली असतात. त्यांतलं कोणतं जागचं हललं, कोणतं आत-बाहेर झालं, यावरून कोणत्या पिकाचं काय होणार ते ठरतं. भाऊंची तक्रार एवढीच की कॉम्प्युटरचं भाकीत कोणत्या धान्यात पाहायचं, ते कोणी सांगत नाही. त्यांनी स्वतःपुरती मसूर धरली आहे.

एवढं करूनही नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की मशीन बसते. नेमकी दाखल्यांची गर्दी असते, बारावीचा निकाल लागलेला, दहावीचा लागलेला किंवा तोंडावर आलेला, नॉन क्रिमिलेयर आणि डोमिसाइलवाले रांगेत उभे, आणि पडदा काळा. भाऊ दोन्ही हात कपाळाला लावतात. "लाइन गेली असती तं समजलो असतो राजेहो. लाइन हाय, अन् जीव गेला!"

अशाच एका दुपारी खामगावहून दुरुस्तीवाला पोरगा आला. खुर्चीवर बसला नाही, चहा घेतला नाही, थेट विचारलं, "डब्बा कुठी हाय?"

प्रश्न रास्त होता, कारण डब्बा दिसत नव्हता. भाऊंनी त्याच्यासाठी सागवानी टेबलात खास कप्पा करून घेतला होता, तिन्ही बाजूंनी बंद, पुढं दार, दाराला कुलूप. उंदरांपासून आणि लहान पोरांपासून बचाव! कुलूप उघडलं. आत डब्ब्याला वहिनींच्या जुन्या साडीची, काठ लावलेली खोळ. धुळीपासून बचाव! खोळ काढली. डब्ब्याच्या डोक्यावर उदबत्तीचं घर, अर्धा पेला राख, आणि मागच्या जाळीवर गेल्या दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळून कडक झालेला. नजरेपासून बचाव! पोरानं हार उचलला, जाळीवर हात धरला आणि हात पटकन मागे घेतला.

मग त्यानं बाजूचं पान उघडलं. आतला पंखा धड होता, पण त्याच्याखालच्या रुपेरी पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्या फटींवर करड्या धुळीची सलग गादी बसलेली. रस्त्यावरून जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांचे तंतू, उदबत्तीची राख, थोडं हळदीकुंकू, आणि खाऱ्या तुषारांनी हे सगळं छान थापून घट्ट केलेलं. पोरानं टोकदार काडीनं एक कोपरा उचलला तशी ती गादी अख्खी निघाली, चौकोनी, पंख्याच्या मापाची. त्यानं ती टेबलावर ठेवली. रांगेतले लोक वाकून पाहू लागले. "हे काय हाय?" भाऊंनी दबक्या आवाजात विचारलं.

"ही तुमची रजई," पोरगा म्हणाला. "मे महिन्यात पांघरून बसली होती बिचारी."

पुढचं काम त्यानं मुकाट्यानं केलं. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवली, म्हणजे हवेच्या झोतानं ती भन्नाट फिरून मोडू नयेत, आणि ब्लोअर मारला. पट्ट्यांचा गठ्ठा उचलून प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसली. तिचे पापुद्रे झाले होते. वाटाण्याएवढी नवी लावली. जाताजाता समजावलंही. साध्या ऑफिसच्या मशीनमधला प्रोसेसर जेमतेम साठ-पासष्ट वॉटचा, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी त्याची उष्णता. तेवढी बाहेर गेली की झालं. पंखा हवा थंड करत नाही, नुसती पुढे ढकलतो. खोली ४० अंशांवर असेल तर आतला तुकडा ४०च्या खाली कधीच येणार नाही, आणि यायची गरजही नाही. खोलीत दहा अंश वाढले तर आतही साधारण दहाच वाढतात. बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत तग धरतात, मग आपणहून वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर बंद पडतात. जीव जात नाही, जीव वाचवतात. तेव्हा उन्हाशी भांडू नका, वाट मोकळी करा.

मशीन सुरू झाली. तेच दुकान, तीच दुपार, दाखले धडाधड निघतायत, आणि पडद्यावर आकडा ६२. रांगेनं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या शेतकऱ्याला उत्पन्नाचा दाखला मिळाला. भाऊ डोळे मिटून क्षणभर बसले, मग उठून कूलरजवळ गेले, त्याच्या गरम पत्र्यावर हात फिरवला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "शेवटी यानंच वाचवलं!"

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

भाऊंचा माणूस म्हणून दोष काढायला जागा नाही. सुपरकॉम्प्युटर 'परम' उभा करणारे विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, याचा त्यांना केवढा अभिमान! "त्याहीनं बनवला, थंड आमी ठेवतो," असं ते छाती पुढे करून सांगतात. त्यांना उपाय हवे असतात ते दिसणारे, आवाज करणारे, पाणी उडवणारे. ब्रश घेऊन धूळ झटकण्यात कसलं आलंय शौर्य? ते तर कोणीही करील. म्हणून कोणीच करत नाही. आपल्याकडे माया म्हणजे पांघरूण घालणं, कुलपात ठेवणं आणि वर हार चढवणं, आणि मशीनला यांतलं एकही सोसत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या उन्हानं जेवढ्या मशीन बसवल्या नसतील, तेवढ्या या मायेनं बसवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी साडीची खोळ धुऊन, इस्त्री करून पुन्हा डब्ब्यावर चढली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तुमच्या घरी डब्बा असेल, तर नवतपा लागायच्या आत एक दिवस काढा. प्लग काढून बाजूचं पान उघडा, मऊ ब्रश फिरवा, पेस्टला चार वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. डब्बा बंद कप्प्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खोळ पायपुसण्याला द्या आणि उदबत्ती देवापाशी लावा. कूलर असेल तर समोरची एक खिडकी उघडी ठेवा आणि त्याचा झोत माणसांवर येऊ द्या. फक्त हे भाऊंना सांगायला जाऊ नका. मशीन थंड झाल्याची त्यांची खात्री पटली, तर ते कूलर बंद करतील. आणि मे महिन्यात दाखल्याच्या रांगेत उभं राहायचंय आपल्यालाच.