कोणालाही न काढण्याची कला

महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींमधून कामगाराला कामावरून काढून टाकण्याची प्रथा जवळजवळ नामशेष झाली आहे, असाच निष्कर्ष कारखान्यांची कागदपत्रे वाचणाऱ्या कोणाही अभ्यासकाला काढावा लागेल. चाकण, वाळूज, अंबड किंवा बुटीबोरी येथे माणसांची कामे जातात हे खरे. परंतु कागदोपत्री ही माणसे एक तर स्वखुशीने राजीनामा देतात, किंवा कोणाला न सांगता निघून जातात, किंवा मुळात त्या कारखान्यात ती कधी कामालाच नव्हती असे निष्पन्न होते. मालकाने कोणाला काढल्याची नोंद मात्र शोधूनही सापडत नाही.

या सौजन्याचे मूळ कायद्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार वर्षभर सलग सेवा झालेल्या, म्हणजे मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे; गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा, तर आरोपपत्र, चौकशी आणि बचावाची संधी देणे भाग असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. नोटीस आणि भरपाई यांचे मोजमाप तेच राहिले, पण कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन जे पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होते, ते आता तीनशेंच्या कारखान्याला उरले. सारांश, माणूस काढणे खर्चाचे आणि कटकटीचे असते, तर न काढता घालवणे जवळजवळ फुकट पडते.

घालवण्याच्या पद्धतींत राजीनाम्याची पद्धत सर्वांत सभ्य मानली जाते. एचआरच्या केबिनमध्ये कामगाराला खुर्ची दिली जाते, क्वचित चहाही मिळतो, आणि टाइप केलेला अर्ज समोर सरकवला जातो, ज्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द आधीच छापलेले असतात. एकाच खात्यातील वीस जणांना एकाच दुपारी, एकाच टंकात आणि शुद्धलेखनाच्या त्याच दोन चुकांसह वैयक्तिक कारणे निर्माण व्हावीत, हा योगायोग समाजशास्त्रज्ञांच्या नजरेतून कसा सुटला याचे आश्चर्य वाटते. सही केल्यास हिशेब आणि अनुभवाचा दाखला, न केल्यास दोन्ही नाही, एवढेच तेथे नम्रपणे सांगितले जाते.

सही न करणाऱ्या हट्टी माणसासाठी गैरहजेरीची पद्धत आहे. सकाळच्या पाळीला तो गेटवर येतो, चेहरा ओळखणारे यंत्र त्याला ओळखत नाही, आणि वॉचमन हातातील यादी पाहून सांगतो, “तुमचं नाव नाही यात. साहेब आले की बघू.” साहेब मागच्या गेटने आत गेलेले असतात. त्याच आठवड्यात कामगाराच्या मूळ गावच्या पत्त्यावर, जेथे तो दिवाळी आणि शिमग्यालाच जातो, कंपनीचे पत्र पोचते, की आपण विनापरवानगी गैरहजर आहात, त्वरित रुजू व्हावे, अन्यथा आपण नोकरी सोडली असे समजण्यात येईल. पत्राची पोच कंपनीच्या फाईलला लागते; गेटबाहेर काढलेले दिवस कोणत्याच फाईलला लागत नाहीत. नोकरी सोडून देणे हा कामगाराच्या हेतूचा प्रश्न असून निव्वळ गैरहजेरीवरून तो हेतू गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच सांगितले, आणि १९९३ मध्ये, स्थायी आदेशात आपोआप सेवा संपण्याचे कलम असले तरी कामगाराचे म्हणणे ऐकल्यावाचून ते वापरता येणार नाही, असेही स्पष्ट केले. (स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींची प्रमाणित नियमावली.) हे निकाल एचआरच्या अभ्यासक्रमात असतात, फक्त ते कशापासून सावध राहायचे त्या प्रकरणात असतात.

तिसरी पद्धत गणिताची आहे. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांनी बदली किंवा तात्पुरत्या कामगारास २४० दिवसांच्या अखंड सेवेनंतर कायम करावे असे ठरवल्यामुळे सातव्या महिन्याच्या सुमारास त्याला ‘ब्रेक’ द्यायचा, अथवा ठेकेदार बदलायचा. मशीन तेच, मुकादम तोच, डबा ठेवायचा कोनाडाही तोच. गळ्यातील ओळखपत्रावर मात्र नवे नाव, आणि त्यासोबत सेवेचा पहिला दिवस. कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही ‘अनुचित कामगार प्रथा’ असल्याचे राज्याच्या १९७१ च्या कायद्याने परिशिष्टात लिहून ठेवले खरे, पण ती यादी जणू मार्गदर्शिका म्हणून वाचली गेली असावी, अशी शंका येते.

थकलेल्या पगाराबाबत वेतन संहिता, २०१९ कमालीची घाई करते: कामगार काढलेला असो, कपातीत गेलेला असो वा राजीनामा दिलेला, त्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते झाले पाहिजे. उद्योगजगताने या दोन दिवसांचे ‘फुल अँड फायनल’ नावाच्या विधीत रूपांतर केले आहे. कँटीन, स्टोअर, टूलरूम आणि सुरक्षा विभाग यांच्या सह्या आणाव्या लागतात, पण ज्याला गेटच्या आत सोडत नाहीत त्याने त्या कशा आणाव्यात हे कोणी सांगत नाही. एक हातमोजा आणि लॉकरची किल्ली यांपायी महिन्याचा पगार अडकतो. आणि अखेरीस महसुली तिकीट लावलेल्या पावतीवर, रकमेची जागा कोरी असताना, ‘माझे कंपनीकडून कोणतेही येणे बाकी नाही’ याखाली सही घेतली जाते.

यापुढे कोर्ट उरते. बेकायदा काढल्याचे ठरल्यास मागील वेतनासह पुन्हा कामावर घेणे हाच सर्वसाधारण नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मराठवाड्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटले. मागील वेतन म्हणजे नोकरीबाहेर ठेवलेल्या काळाचा पगार. तथापि रोजंदारीवरील माणसाला पुन्हा कामावर घेण्याऐवजी ठोक रक्कम द्यावी, असा कल त्याच न्यायालयाच्या अनेक निकालांत दिसतो, आणि मालकाचा खरा भरवसा निकालावर नसून तारखांवर असतो. तडजोडीचा आकडा दर वर्षी खाली येतो, कारण मुलांची फी कोणत्याही तारखेला पुढे ढकलता येत नाही.

शिवाय २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावरच आहे, आणि हजेरीपट मालकाच्या कपाटात आहे. तेव्हा वाचकांपैकी जे कामगार असतील त्यांनी पगारपत्रके, प्रत्येक ठेकेदाराचे ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद जपावी, गेटवर अडवल्यास त्याच दिवशी कंपनीला आणि कामगार आयुक्तालयाला लेखी कळवावे, आणि कोऱ्या रकमेच्या पावतीवर सही करू नये. नव्या संहितांनुसार थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांत करता येतो; कामावरून काढल्याविरुद्धच्या अर्जाची मुदत मात्र पूर्वीच्या तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे.