पाऊस वगळून पन्हाळा

पन्हाळगड ते पावनखिंड ही वाट चालून यायची, यावर आमच्या सोसायटीत एकमत झालं. हे एकमत 'कधी' हा प्रश्न निघेपर्यंत टिकलं. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "डिसेंबर! हवा छान असते." नाना म्हणाले, "जानेवारी. माझा गुडघा थंडीत बरा चालतो." (नानांचा गुडघा कुठल्याच ऋतूत चालत नाही, पण वयाचा मान म्हणून कुणी बोललं नाही.) महिने वेगवेगळे निघाले, पण पाऊस मात्र कुणालाच नको होता.

आता पाऊस काढून टाकला तर या वाटेत उरतं काय? सिद्दी जौहर 1660 च्या मार्चपासून पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला. अखेर शरणागतीची बोलणी लावून दिली, पहारे सैलावले आणि आषाढी पौर्णिमेच्या रात्री, धो धो पावसात महाराज गडाबाहेर पडले. सोबत सहाशेच्या आसपास मावळे. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद, मरण समोर दिसत असताना बसलेला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे लोक पाय रोवून उभे राहिले, ते विशाळगडावरून तोफेचे आवाज येईपर्यंत. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती त्या रक्तानं. हे सगळं चिखलात झालं. आणि आम्हाला हा इतिहास कोरडा हवा होता, इस्त्री केलेला!

बरं, अख्खी वाट पन्नासेक किलोमीटरची. दोन दिवस, वाटेत आंबेवाडीच्या आसपास मुक्काम. हा आकडा ग्रुपवर पडला आणि मोहीम आक्रसायला लागली. आधी ठरलं, अर्धीच चालू. मग मसाई पठारापर्यंत. मग एका अभ्यासू सदस्यानं शोध लावला की पावनखिंडीजवळ थेट गाडी जाते. त्यावर ग्रुपमध्ये एवढे अंगठे उठले की तोफा झाल्याचा भास व्हावा. शेवटच्या मसुद्यात तीन दरवाजा पाहून गडावर झुणका-भाकर खाणे, एवढंच शिल्लक राहिलं. गडावरची झुणका-भाकर उत्तमच असते, वाद नाही. पण तिच्यासाठी बाजीप्रभूंचं नाव ग्रुपला कशाला?

वहिनींची खरी हरकत जळवांना होती, हे फार उशिरा बाहेर आलं. जळू चावलेली कळत नाही हो, हीच तिची कला. मोजा उगाच ओला लागतोय म्हणून खाली करावा, तर घोट्याशी एक बाई जेवून तृप्त होऊन बसलेली. तिला ओढून काढायची नाही. चिमूटभर मीठ टाकलं की आपणहून सुटते. जखम थोडा वेळ वाहते, मग थांबते. एवढं समजावल्यावर वहिनींनी मिठाच्या पुरचुंड्या करायला घेतल्या, आणि माझ्या लक्षात आलं की किल्ला पडला.

तेव्हा शेवटी ठरलं ते असं : जुलै महिना, एक दिवस, राजदिंडीतून उतरून म्हाळुंगेमार्गे मसाई पठार, आणि पुढे कुंभारवाडी-खोतवाडीपर्यंत. नाना गाडीत बसून खोतवाडीला भेटणार. त्यांच्याकडे भडंग.

तुम्हीही हाच टप्पा करा. चालणाऱ्याला तो एका दिवसात झेपतो, आणि आषाढातच करा. धुकं उतरलं की पठारावर चार पावलांपुढचं दिसत नाही, म्हणून गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य पैसे द्या. मीठ न्या, सुके मोजे दोन जोड जास्त न्या. छत्री मात्र घरी ठेवा; मसाईच्या वाऱ्यात ती पहिल्या दहा मिनिटांत उलटी होते.