भिंतीवरच्या फोमसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. एक इंची पिरॅमिड फोम,
मुक्काम भिंत, भाड्याची खोली, पुणे.

स. न. वि. वि.

हल्ली आपल्या दर्शनाचा योग वारंवार येतो. घरगुती स्टुडिओत रेकॉर्डिंगला बोलावलं की चहाच्याही आधी आपण समोर. एक तुकडा काळा, एक लाल, भिंतभर. स्टुडिओवाल्याच्या चेहऱ्यावर ‘साउंडप्रूफ केलंय बरं का’ असा भाव, आणि तेवढ्यात शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी थेट माइकमध्ये. आवाज अडवायला वजन लागतं: विटांची भिंत, जाड दार, बुजवलेल्या फटी. आपण तर पंख्याच्या वाऱ्याने उडाल. पण विकणारा काहीही सांगो, ‘अहो, हे माझं काम नाही’ असं आपण एकदाही म्हटल्याचं ऐकिवात नाही.

परवा कोथरूडला एका तरुण गायकाकडे गेलो होतो. दहा बाय बाराची खोली, चारही भिंतींवर आपला दरबार, आणि पोरगा गात होता तोही दरबारीच. पट्टी काळी एक. मंद्रात उतरला, पंचम जागेवर लागला, आणि कोमल धैवतावर आला तशी खोली स्वतःच गायला लागली. दरबारीचा जीवच त्या आंदोलित धैवतात. इथे आंदोलन कुठलं ऐकू येतंय, नुसता हंडा घुमत होता. त्या बिचाऱ्याला वाटत होतं, आपलाच आवाज फुटतोय.

हिशेब साधा आहे. काळी एकमधला तो धैवत साधारण 110 हर्ट्झचा. त्याच्या अगदी जवळच्या 112 हर्ट्झच्या लाटेची लांबी दहा फूट, म्हणजे खोलीच्या रुंदीएवढी. ती दोन भिंतींमध्ये अचूक बसते आणि हलायचं नाव घेत नाही. हवेच्या हालचालीचं घर्षण करून आवाज जिरवायचा, हा आपला धंदा. पण भिंतीला लागून हवा हलतच नाही. या लाटेत ती सर्वांत जोरात हलते भिंतीपासून अडीच फुटांवर. आणि आपण भिंतीला चिकटून, जाडी एक इंच! धैवताच्या केसालाही धक्का लावला नाहीत. मात्र वरच्या पट्टीतला सगळा तजेला, ‘स’, ‘श’, तानपुऱ्याची जवारी, तेवढी चाटूनपुसून खाल्लीत. खोली एकाच वेळी घुमणारी आणि मुकी करणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

मग काय केलं, ते ऐका. आपल्याला अपमान वाटेल. आधी फुकटचा उपाय. माइक खोलीच्या बरोबर मध्ये होता, जिथे या लाटेचा दाब सर्वांत जास्त. तो बाजूच्या भिंतीपासून अडीच फुटांवर आणला, जिथे तिचा दाब जवळजवळ शून्य. निम्मं काम तिथेच झालं.

उरलेल्यासाठी सुतार. पाइनच्या चार इंची पट्ट्यांच्या दोन बाय चार फुटी चौकटी. प्रत्येकीत 48 किलो घनतेच्या रॉकवूलच्या दोन इंची दोन लाद्या, एकावर एक. दोन्ही बाजूंनी मांजरपाट. कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारायची, आरपार गेली तर घ्यायचं. ‘साहेब, रेक्झिन लावू, पुसायला बरं’ म्हणणाऱ्या सुताराला चहा पाजून गप्प बसवावं. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क हवेतच, नाहीतर रात्रभर खाजवत बसा. चौकटींना खाली बोल्टने आडवे पाय. भिंतीत एकही खिळा नाही.

दोन चौकटी कोपऱ्यांत तिरक्या उभ्या केल्या. त्यांच्यामागे फूटभर पोकळी आपोआप मिळते. एक बाजूच्या भिंतीपासून चार इंच पुढे. आणि एक गाणाऱ्याच्या पाठीशी, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. लोक हटकून माइकच्या पाठीमागे काहीतरी लावून बसतात. धैवत पूर्ण वठणीवर आला असं म्हणणार नाही, पण पंचमाशेजारी गुण्यागोविंदाने नांदू लागला. अकरा महिन्यांचा करार संपला की बोल्ट काढायचे, चौकटी टेम्पोत टाकायच्या. आपल्याला उपटलं त्या दिवशी मात्र पुट्टी आणि रंगही आपल्यासोबत निघाले, मागे पिवळ्या गमचे डाग. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जाणार आहेत.

हलवता येणारा इलाज ही काही माझी अक्कल नाही. 1895 साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक मांडून मोजमाप केलं, सकाळच्या आत परत ठेवल्या. खोलीतल्या आवाजाचं शास्त्र त्या गाद्यांतून उभं राहिलं. गम कुठेच नव्हता.

इथवर थट्टा. पुढचं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. 2003 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘स्टेशन’ नाइटक्लबात आवाज कमी करायला लावलेला आपल्याच जातीचा फोम शोभेच्या दारूने पेटला. 100 माणसं गेली. 2013 साली ब्राझीलच्या सांता मारियातल्या ‘किस’ क्लबात तेच, 242. आपला धूर विषारी. रॉकवूल बनतं बेसाल्टपासून, आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या दगडापासून, आणि ते पेटत नाही. बंद दाराआड, तारांच्या जंजाळात बसून गाणाऱ्या पोराच्या चारही बाजूंना आपण असणं मला मान्य नाही.

तेव्हा आपली भिंतीवरची नेमणूक या पत्राद्वारे रद्द करत आहे. कुरिअरने माइक पाठवायचा झाला तर खोक्यात भरायला काहीतरी मऊ लागतंच. ते काम आपल्याला उत्तम जमेल.

कळावे,
एक रेकॉर्डिस्ट