शुद्ध कोण?

सोसायटी तिथे मराठीचे एक निवृत्त सर असायचेच. आमच्या सरांना पाटी वाचल्याशिवाय दुकानात पाऊल टाकवत नाही. परवा डेअरीवर पाटी दिसली, ‘शुद्ध गाईचे तूप’. झालं!

“शुद्ध कोण रे? गाय की तूप?”

“दोन्ही, सर. किती देऊ?”

एवढ्यावर भागलं तर ते सर कसले! पिशवी खांद्याला अडकवून त्यांनी तास सुरू केला. “या पदबंधात मुख्य नाम तूप. गाईचा गोठा, गाईची कालवड, गाईचे तूप. गाय तीच, पण चा-ची-चे पुढच्या नामाचं तोंड बघून ठरतं. आता ‘जुने पुस्तकांचे दुकान’ म्हटलं की दुकान जुनं, ‘जुन्या पुस्तकांचे दुकान’ म्हटलं की पुस्तकं जुनी. ‘जुना’ आकारान्त, म्हणून आपण कोणाच्या पक्षाचे ते उघड सांगतो. हा ‘शुद्ध’ लेकाचा बदलतच नाही! म्हणून त्याला तुपाला चिकटवून बसवायचा. गाईचे शुद्ध तूप!”

मागे रांग वाढली. एक बाई वैतागून म्हणाल्या, “अहो, मला अर्धा लिटर दूध घ्यायचंय!”

“शाबास ताई! ‘अर्धा’ लिटरचा. दुधाचा असता तर ‘अर्धं’ म्हणाला असतात.”

बाईंना शाबासकी मिळाली, दूध मिळालं नाही.

मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघालं. त्यानंतर पाट्या रंगवणाऱ्यांना चुकायला काही सबबच उरली नाही, असं सरांचं ठाम मत. व्याकरण त्यांचं बरोबरच असतं म्हणा. पण गाय अशुद्ध निघाली म्हणून तूप परत केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

घरीही तेच. “माझ्या निळ्या शर्टाला बटण नाही,” एवढं बोलून सर स्वतःवरच खूश झाले. “बघ, ‘ला’ लागला एकट्या शर्टाला, पण ‘माझा’चं ‘माझ्या’ झालं आणि ‘निळा’चं ‘निळ्या’!” काकूंनी सगळं ऐकून घेतलं. बटण अजून लागलेलं नाही.

तुमच्याकडेही असे सर असतील. लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांना जरूर दाखवा. तूप आणायला मात्र दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.