भिंतींच्या वेडाची थोरवी

माणसाने आजवर केलेल्या वेडेपणांत मध्ययुगीन इंग्लंडमधल्या कॅथीड्रलांच्या आवारभिंती मला सर्वांत प्रिय आहेत. संकट नेहमी बाहेरूनच येते, ही श्रद्धा त्या लोकांनी इतक्या निष्ठेने दगडात बांधली की तिच्यापुढे पुराव्याचे काही चालले नाही.

एक्झिटरचे उदाहरण घ्या. १२८३ च्या नोव्हेंबरात वॉल्टर लेचलेड हा तिथला प्रार्थनागायनाचा प्रमुख रात्रीची उपासना आटोपून घरी निघाला, आणि कॅथीड्रलच्या आवारातच त्याचा खून झाला. मारेकरी शहराच्या दक्षिण वेशीतून निसटले, कारण वेस उघडी राहिली होती. १२८५ च्या नाताळात राजा पहिला एडवर्ड स्वतः निवाड्याला आला. वेस उघडी राहिली म्हणून महापौर आणि वेशीचा दरवान फासावर गेले. कटात ज्याचे नाव होते तो कॅथीड्रलचा प्रमुख, म्हणजे डीन, जॉन पायकॉट, धर्मगुरू असल्याने वाचला. पाठोपाठ आवाराभोवती भिंत घालायची परवानगी मिळाली आणि सात दरवाजे उभे राहिले. कुंपणाने शेत खाल्ले, तर कुंपण आणखी उंच करावे, हा तो निर्णय. डीन साहजिकच भिंतीच्या आतल्या बाजूचा माणूस होता.

नॉर्विचमध्ये १२७२ साली कॅथीड्रलचा मठ आणि शहरवाले यांच्यात जत्रेच्या हक्कावरून भांडण पेटले. मठाच्या प्रमुखाने यार्मथहून हत्यारबंद माणसे आणली, शहरवाल्यांनी मठ जाळला, कित्येक फासावर लटकले. पुढे तिथे एथेलबर्ट दरवाजा उभा राहिला. इतका देखणा दरवाजा त्या भांडणावाचून झाला असता, असे मला वाटत नाही.

पण या वेडाचा कळस सॉल्झबरीत आहे. तिथले आधीचे कॅथीड्रल टेकडीवरच्या जुन्या सेरम या वस्तीत, किल्ल्याच्या तटाला खेटून होते. वारा, पाण्याची टंचाई आणि किल्ल्यातल्या शिपायांचा जाच यांना कंटाळून धर्मगुरू खाली नदीकाठच्या मोकळ्या कुरणात आले. १२२० मध्ये नव्या कॅथीड्रलचा पाया घातला. तटाच्या छायेतून सुटलेल्या या माणसांच्या वारसांनी शंभरेक वर्षांनी, १३२७ मध्ये, राजाकडे काय मागितले? तट. स्वतःभोवती, तोही वर चर्या असलेला. दगड कुठला आणायचा हा प्रश्न १३३१ मध्ये सुटला: टेकडीवरचे सोडून दिलेले जुने कॅथीड्रल त्यांना मिळाले. आजोबा ज्या जागेपासून पळाले तिचेच दगड नातवंडांनी गाड्या भरभरून खाली आणले. एका देवळाच्या रक्षणासाठी दुसरे देऊळ उतरवणे, ही हिंमत हिशेबी माणसात नसते.

हिशेबी माणसांनी काय केले, तेही सांगायला हवे. एक्झिटरचा मुख्य दरवाजा, ब्रॉडगेट, त्यांनी १८२५ मध्ये पाडला. बाकीचेही गेले. तिथे आज कुणीही, केव्हाही आवारात शिरू शकतो. आणि मला तिथे काहीतरी हरवल्यासारखे वाटते. सॉल्झबरीच्या आवारातली हिरवळ मात्र टिकली, आणि ती त्या अनावश्यक भिंतीमुळे टिकली, असे माझे ठाम मत आहे.

सॉल्झबरीला गेलात तर कॅथीड्रलच्या शिखराकडे पाहून झाल्यावर भिंतीजवळही जा. जुन्या कॅथीड्रलचे कोरीव दगड तिच्यात अजून दिसतात. मुक्काम आवारात नसेल तर रात्री अकराच्या आत बाहेर पडा. दरवाजांना तिथे आजही रोज कुलूप लागते.